खड्ड्यांचा हिशेब : आलिशान एसयूव्हीचे सस्पेन्शन कसे काम करते?

सांगलीतील एका व्यापारी कुटुंबाने गतवर्षी सहा वर्षे वापरलेली, परदेशी बनावटीची एक आलिशान एसयूव्ही विकत घेतली. खरेदीमागे प्रतिष्ठेचा विचार अगदीच नव्हता असे नाही. परंतु मुख्य कारण घरातील आजी होत्या. त्यांना मणक्याचा विकार. दर तीन महिन्यांनी पुण्याच्या डॉक्टरांकडे जावे लागे आणि प्रत्येक प्रवासानंतर त्या दोन दिवस अंथरुणाला खिळून राहत. नव्या गाडीतून पहिल्यांदा निघाल्या, तेव्हा कराड मागे पडण्यापूर्वीच त्यांना झोप लागली. घरच्यांना खरेदीचे सार्थक झाल्यासारखे वाटले.

आठ महिन्यांनी, नेमक्या डॉक्टरांच्या भेटीच्या पहाटे, गाडी अंगणात मागच्या डाव्या अंगाने बसलेली आढळली. टायरमध्ये हवा पुरेशी होती, तरीही मडगार्ड टायरला टेकले होते. कारागीर आला, वाकून पाहिले आणि म्हणाला, "अण्णा, फुगा गेलाय. एक बदलला तर दुसरा सहा महिन्यांत जाईल. दोन्ही टाका." खर्चाचा आकडा ऐकून अण्णा काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "टायरमध्ये हवा असते हे ठाऊक होतं. टायरच्या वरही आपण हवेवरच बसलो होतो, हे आज कळलं."

महागडी गाडी घेताना इंजिनाची ताकद, आसनांचे चामडे, पडद्याचा आकार यांची चौकशी सगळे करतात. ज्या यंत्रणेमुळे प्रवास सुखाचा आणि सुरक्षित होतो, तिच्याविषयी मात्र क्वचितच कोणी विचारते. ती यंत्रणा म्हणजे सस्पेन्शन. तिचे कार्य समजून घेतले, तर मोजलेल्या पैशांत नेमके काय पदरी पडते आणि पुढे कशासाठी तरतूद करून ठेवावी लागते, या दोन्ही प्रश्नांची उत्तरे मिळतात.

एक सेवक, दोन धनी

सस्पेन्शनला एकाच वेळी दोन धन्यांची चाकरी करावी लागते. पहिला धनी म्हणजे गाडीत बसलेला माणूस. त्याला हादरा बसता कामा नये. दुसरा धनी म्हणजे रस्ता. त्यावरून टायर क्षणभरही सुटता कामा नये. सुमारे अडीच टन वजनाच्या मोठ्या एसयूव्हीचा रस्त्याशी प्रत्यक्ष संबंध येतो तो केवळ चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाण साधारण तळहाताएवढे. वेग घेणे, वळणे, थांबणे या सर्व क्रिया या चार तळहातांच्या भरवशावर चालतात. टायर उसळून हवेत गेले, की तेवढ्या क्षणापुरता त्या चाकाचा ब्रेकही निरुपयोगी आणि स्टिअरिंगही निरुपयोगी.

या दोन धन्यांच्या मागण्या परस्परविरोधी आहेत. सुखासाठी सस्पेन्शन मऊ हवे. वळणावर आणि वेगात ताबा राहावा यासाठी ते कडक हवे. मोटारीच्या इतिहासात या क्षेत्रात जे संशोधन झाले, ते बहुतेक सगळे या एका तंट्याचा निवाडा करण्यासाठीच झाले आहे.

स्प्रिंग कर्ज घेते, डॅम्पर ते फेडतो

चाक उंचवट्यावर चढले की स्प्रिंग दबते. रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने १६७८ मध्ये मांडलेल्या नियमानुसार स्प्रिंग जितकी दाबावी तितकी ती अधिक जोराने प्रतिकार करते. रस्त्याने दिलेला धक्का स्प्रिंग नाहीसा करीत नाही. ती तो उसना घेऊन स्वतःजवळ साठवते आणि लगेच परत करते. केवळ स्प्रिंगवर उभी असलेली गाडी एका खड्ड्यानंतर कितीतरी वेळ वरखाली डुलत राहील. हे कर्ज फेडून खाते बंद करण्याचे काम डॅम्पर करतो. यालाच आपण शॉक ॲब्सॉर्बर किंवा गॅरेजच्या भाषेत 'शॉकअप' म्हणतो. त्यातील दट्ट्या तेलातून पुढेमागे होतो, तेल बारीक छिद्रांतून रेटले जाते आणि डुलण्याच्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. लांबच्या खराब रस्त्यावरून आल्यावर शॉकअप हाताला गरम लागतो, तो याच कारणाने.

आरामदायी मोटारीचे वरचे अंग सेकंदाला साधारण एक ते दीड वेळा वरखाली होईल, अशी स्प्रिंगची निवड केलेली असते. माणसाच्या चालण्याची लयही याच्या जवळपासची असल्याने शरीराला ती परकी वाटत नाही. याउलट, बसलेल्या माणसाच्या धडाला आणि मणक्याला सर्वांत अधिक त्रास होतो तो सेकंदाला चार ते आठ वेळा होणाऱ्या उभ्या कंपनांचा. आजींना झोप लागली, कारण ही मधली कंपने आसनापर्यंत पोहोचण्याआधीच गाळली गेली होती. तथापि अतिमऊपणाही बाधतो. गाडी नावेसारखी फारच संथ, म्हणजे दोन सेकंदांहूनही अधिक काळात एक हेलकावा घेऊ लागली, तर माणसाला मळमळू लागते. झोपाळ्याचा आनंद पाच मिनिटे. तीन तासांसाठी तो नको.

चाकाचे स्वातंत्र्य

मालमोटारींत आजही दिसणारी जुनी रचना म्हणजे एका अखंड आसाच्या दोन टोकांना दोन चाके आणि त्यावर पोलादी पाटे. ही रचना दणकट व स्वस्त. परंतु डावे चाक दगडावर चढले की त्याचा धक्का आसामार्फत उजव्या चाकालाही पोहोचतो. आलिशान एसयूव्हीत प्रत्येक चाक स्वतंत्र दांड्यांनी जोडलेले असते. पुढे बहुधा दुहेरी त्रिकोणी दांड्यांची आणि मागे चार-पाच दांड्यांची रचना असते. चाक वरखाली झाले तरी टायरचा रस्त्याशी असलेला कोन फारसा बिघडू नये, अशा बेताने या दांड्यांची लांबी व कोन ठरविलेले असतात. सांध्यांतील रबरी बुश बारीक कंपने आणि आवाज शोषून घेतात.

चाक, टायर, ब्रेकची तबकडी हे सर्व स्प्रिंगच्या खाली असणारे वजन होय. हे वजन जितके कमी, तितके चाक रस्त्याच्या चढउतारांमागे चपळाईने जाते. २२ इंची चाके दिमाखदार दिसतात. पण ती सहसा जड असतात आणि त्यांच्या टायरची रबरी भिंत बुटकी असते. त्यामुळे खड्ड्याचा पहिला तडाखा पचविणारी टायरची उशीच पातळ होते. सुखासाठी गाडी घेणाऱ्याने एक-दोन इंच लहान चाकांचा पर्याय निवडला, तर तो आरामातही लाभात राहतो आणि टायरच्या खर्चातही.

शेतावरच्या गाडीचे राजवाहन

आलिशान एसयूव्हीची कहाणी इंग्लंडमध्ये १९७० साली आलेल्या रेंज रोव्हरपासून सांगितली जाते. स्पेन किंग या अभियंत्याच्या चमूने ती घडविली. त्या काळच्या चार चाकांना ताकद देणाऱ्या गाड्या पाट्यांवर चालत आणि प्रवाशांची हाडे खिळखिळी करीत. रेंज रोव्हरमध्ये आस अखंडच ठेवले होते. मात्र पाट्यांऐवजी पुष्कळ वरखाली होऊ शकणाऱ्या वेटोळ्या स्प्रिंग बसविल्या आणि मागच्या आसावर भार वाढला तरी उंची सावरून धरणारे एक उपकरण दिले. नांगरलेल्या शेतातून सावकाश आणि मोठ्या रस्त्यावरून वेगाने, अशी दोन्ही कामे करणारी ती गाडी ठरली. तिचे आतील अंग मात्र पाण्याच्या फवाऱ्याने धुता येईल इतके साधे होते. थाट नंतर आला. आधी आले ते सस्पेन्शन. १९९२ मध्ये तिच्या लांब आवृत्तीत संगणक-नियंत्रित हवेचे सस्पेन्शन आले आणि पुढील आलिशान एसयूव्हींची दिशा ठरली.

ही कंपनी २००८ पासून टाटा मोटर्सच्या मालकीची आहे. २०२४ मध्ये रेंज रोव्हर आणि रेंज रोव्हर स्पोर्ट या गाड्यांची जुळणी पुण्यात करण्याची घोषणा झाली. तोवर या दोन्ही गाड्या इंग्लंडबाहेर कोठेही तयार होत नव्हत्या.

हवेवर बसलेली गाडी

पोलादी स्प्रिंगच्या जागी दाबाखालील वायू वापरण्याची कल्पना मोटारीत सर्वाधिक गाजविली ती फ्रान्सच्या सित्रोएं कंपनीने. १९५५ च्या पॅरिस प्रदर्शनात आलेल्या तिच्या डीएस गाडीत वायू आणि तेल यांचे संयुक्त सस्पेन्शन होते. ते रचणारे पॉल माजेस यांनी अभियांत्रिकीचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पॅरिसजवळ राष्ट्राध्यक्ष द गॉल यांच्या अशाच गाडीवर गोळीबार झाला. टायर फुटले, तरीही चालकाने गाडी न थांबवता सुखरूप बाहेर काढली. सस्पेन्शन हा केवळ चैनीचा विषय नव्हे, याचे याहून ठळक उदाहरण क्वचितच सापडेल.

त्याच दशकातील दुसरे उदाहरण सावध करणारे आहे. अमेरिकेत १९५७ मध्ये कॅडिलॅकच्या एका अतिमहाग गाडीत हवेचे सस्पेन्शन दिले गेले. हवा गळण्याच्या तक्रारी इतक्या वाढल्या, की अनेक मालकांनी ते काढून साध्या पोलादी स्प्रिंग बसवून घेतल्या. सांगलीच्या अण्णांसमोर जो प्रश्न उभा राहिला, तो असा जुनाच आहे.

आजच्या यंत्रणेत प्रत्येक चाकाशी रबर व धाग्यांच्या थरांनी बनविलेला एक मजबूत फुगा असतो. एक विजेवर चालणारा कॉम्प्रेसर हवा दाबतो, टाकी ती साठवते, झडपांचा संच ती हव्या त्या फुग्याकडे वळवतो, प्रत्येक चाकापाशी असलेला संवेदक गाडीची उंची कळवतो आणि एक लहान संगणक निर्णय घेतो. मागे तीन माणसे व सामान बसले, की पोलादी स्प्रिंगची गाडी मागे दबते, दिव्यांचा झोत वर जातो आणि धक्का पचविण्यासाठी उरलेले अंतर घटते. हवेच्या गाडीत मागच्या फुग्यांतील दाब वाढतो व गाडी पूर्ववत समतल होते. येथे एक दुहेरी लाभ आहे. दाब वाढला की फुग्याचा कडकपणाही भाराच्या प्रमाणात वाढतो. त्यामुळे गाडीची डुलण्याची लय एकटा चालक असताना जी असते, जवळपास तीच भरलेल्या गाडीतही राहते.

उंची बदलता येणे हा आणखी एक उपयोग. वेगात गाडी खाली उतरते, त्यामुळे वाऱ्याचा विरोध कमी होतो व स्थैर्य वाढते. खराब वाटेवर ती वर उचलली जाते. चढण्या-उतरण्यासाठी रेंज रोव्हर सुमारे ५० मिलिमीटर खाली बसते. तरुणाला दोन इंचांचे महत्त्व जाणवणार नाही; गुडघे धरलेल्या माणसासाठी मात्र तेवढाच फरक आधाराशिवाय चढण्याचा असतो.

विचार करणारे तेल

फुग्याइतकेच महत्त्व आधुनिक डॅम्परला आहे. जुन्या डॅम्परमधील छिद्रे कायमची ठरलेली; नव्यात ती विजेच्या झडपांनी लहानमोठी होतात. सपाट रस्त्यावर तेल मोकळेपणाने वाहू दिले जाते, ब्रेक लागताच नाक खाली जाऊ नये म्हणून तत्काळ अडविले जाते. हे बदल सेकंदाच्या लहानशा अंशात घडतात.

याहून विलक्षण प्रकार म्हणजे लोहकण मिसळलेल्या तेलाचा. अमेरिकेत जेकब रॅबिनो यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस दाखविले, की अशा द्रवाजवळ चुंबकीय क्षेत्र निर्माण केले की कणांच्या साखळ्या बनून द्रव घट्ट होतो. क्षेत्र काढताच पुन्हा पातळ. या तत्त्वावरील डॅम्पर २००२ मध्ये एका कॅडिलॅक मोटारीत आले व नंतर काही एसयूव्हींतही.

ध्वनियंत्रणांमुळे जगप्रसिद्ध झालेले, बंगाली पित्याचे पुत्र अमर बोस यांनी तर स्प्रिंग-डॅम्परऐवजी प्रत्येक चाकाला विद्युत मोटार लावण्याचे संशोधन १९८० मध्ये सुरू केले. २००४ मध्ये त्यांनी ते जगाला दाखविले. ती मोटार खाचखळग्यांवरून जवळजवळ न हलता जाई. परंतु वजन आणि किंमत इतकी होती, की कोणत्याही कंपनीने ते मोटारीत घेतले नाही. तंत्र सिद्ध होणे आणि ते परवडणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

उंचीची किंमत

एसयूव्ही उंच असते, म्हणजेच तिचा गुरुत्वमध्य वर असतो. वळणावर ती बाहेरच्या बाजूला अधिक कलते आणि अचानक डावीउजवीकडे वळवावी लागली तर उलटण्याचा धोका बुटक्या मोटारीपेक्षा अधिक. हे कलणे रोखण्यासाठी डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा पिळदार दांडा वापरतात. त्याचा दोष हा, की सरळ रस्त्यावर एका चाकाचा धक्का तो दुसऱ्यालाही देतो. २०१६ च्या सुमारास बेंटले बेंटायगा आणि ऑडी एसक्यू७ यांत याला उत्तर आले. दांडा मधोमध तोडून तेथे ४८ व्होल्टवर चालणारी मोटार बसविली गेली. सरळ रस्त्यावर दोन्ही अर्धे भाग मोकळे राहतात. वळणावर मोटार त्यांना पिळून गाडी सरळ धरते. मर्सिडीजने २०१८ मध्ये सादर केलेल्या जीएलईत तर चारही चाकांचे बल स्वतंत्रपणे नियंत्रित करण्याचा पर्याय दिला. कॅमेरा पुढचा रस्ता पाहतो, आणि गाडी सायकलस्वाराप्रमाणे वळणाच्या आतल्या बाजूस झुकते.

१९९७ मध्ये स्वीडनमधील एका मोटार-नियतकालिकाच्या चाचणीत आकस्मिक वळण घेताना मर्सिडीजची उंच बांध्याची छोटी ए-क्लास उलटली होती. त्यानंतर कंपनीने सस्पेन्शनमध्ये फेरफार केले व घसरण रोखणारी इलेक्ट्रॉनिक यंत्रणा सर्व ए-क्लास गाड्यांत दिली. तरीही कोणतीही यंत्रणा निसर्गनियम रद्द करू शकत नाही. अडीच टनांची गाडी थांबवायला लागणारे अंतर मऊ सस्पेन्शनमुळे कमी होत नाही. उलट धोका हा, की आत काहीच जाणवत नसल्याने वेगाचा अंदाज चुकतो. रस्त्यांच्या भारतीय मानकानुसार गोलाकार गतिरोधक ३.७ मीटर रुंद व १० सेंटिमीटर उंच असावा आणि तो ताशी सुमारे २५ किलोमीटर वेगाने ओलांडता यावा, असे अपेक्षित आहे. गावोगावचे गतिरोधक याहून पुष्कळ अरुंद व उभे असतात. तेथे आत हादरा जाणवला नाही, तरी बुश, सांधे आणि फुगे यांनी तो सोसलेलाच असतो.

तरतूद कशाची करावी?

फुगा हा रबराचा आहे. ऊन, धूळ, चिखल आणि वय यांनी त्याच्या घड्यांना चिरा पडतात. सूक्ष्म गळती सुरू झाली, की ती भरून काढण्यासाठी कॉम्प्रेसर वारंवार चालतो व अखेर तोही निकामी होतो. लहान दुखणे अंगावर काढल्याने दोन भागांचा खर्च होतो, तो असा. काही गाड्यांत एका चाकाचा संपूर्ण संच लाखाच्या घरात जातो. नेहमीचा वाहन विमा झिजेमुळे होणारी हानी भरून देत नाही, हेही ध्यानात ठेवावे.

वापरलेली गाडी घेताना ती रात्रभर सपाट जागी उभी ठेवून सकाळी चारही चाकांपाशी मडगार्डची उंची मोजावी. गाडी सुरू करून सर्व उंचींवर न्यावी व किती वेळ लागतो ते पाहावे. कॉम्प्रेसर सतत घरघरत असेल तर किंमत ठरवताना तो खर्च धरावा. धुताना फुग्यांच्या घड्यांतील चिखल हलक्या हाताने काढावा. टायरचा दाब दरवाजाच्या चौकटीवरील सूचनेनुसार ठेवावा. चाक बदलण्यासाठी जॅक लावण्यापूर्वी उंची-नियंत्रण पुस्तिकेत सांगितल्याप्रमाणे थांबवावे. आणि केवळ हवेवर उभ्या असलेल्या गाडीखाली कोणीही शिरू नये.

सांगलीच्या कारागिराने स्वस्त पर्यायही सुचविला होता. फुगे काढून पोलादी स्प्रिंग टाकायच्या, की पुन्हा कटकट नाही. अण्णांनी दोन दिवस विचार केला. पैसे वाचले असते. पण गाडीची बसण्याची उंची गेली असती, भार सावरणे गेले असते, आणि गाडीच्या इतर नियंत्रण यंत्रणा ज्या मूळ रचनेवर बेतलेल्या आहेत, तीच बदलली असती. ज्या कारणासाठी गाडी घेतली, तेच कारण काढून टाकण्यात त्यांना शहाणपण दिसेना. मागचे दोन्ही फुगे बदलले, कॉम्प्रेसर तपासून घेतला. त्याच आठवड्यात त्यांनी बँकेत एक आवर्ती ठेव सुरू केली. घरात तिला 'फुग्याची ठेव' म्हणतात.

डॉक्टरांची भेट पंधरा दिवस लांबली. निघताना गाडी दोन इंच खाली बसली, आजी दाराला हात लावून चढल्या. इस्लामपूरच्या अलीकडे गतिरोधक दिसताच नातवाने वेग तसाच ठेवला. मागून अण्णांचा आवाज आला, "हळू. तुला लागत नाही म्हणून गाडीला लागत नाही असं नाही."